कोऱ्या पानाची पूर्वावस्था : प्रस्तावना

मजकुराचे पहिले अक्षर उमटण्यापूर्वीच त्या मजकुराविषयी पुष्कळसे निर्णय होऊन गेलेले असतात, ही गोष्ट लेखणी आणि कागद यांच्या काळात जितकी खरी होती त्याहून आज, बहुतेक लेखन संगणकाच्या पडद्यावर होत असताना, अधिक खरी झाली आहे. कागद आखीव घ्यावा की कोरा, समास किती सोडावा, बोरू कोणत्या जाडीचा तासावा, हे लिहिणारा स्वतः ठरवीत असे. परंतु संगणकावर नवे पान उघडताच ओळ कोठे मोडावयाची, वाक्य कोठे संपले असे मानावयाचे, कळ दाबली असता कोणत्या लिपीचे अक्षर उमटवावयाचे, आणि हे लेखन म्हणजे पत्र आहे, हिशेब आहे की यंत्राला द्यावयाच्या आज्ञांची जंत्री आहे, या साऱ्याची तजवीज दुसऱ्या कोणीतरी, बहुधा दूरदेशी बसून आणि मराठीचा विचारही मनात न आणता, आगाऊच करून ठेवलेली असते. या आगाऊ तजविजीला डिफॉल्ट, म्हणजे पूर्वावस्था, असे म्हणतात. ती कशी ओळखावी, ती बदलण्याचा अधिकार कोठे मिळतो, आणि तो अधिकार वापरून कोरे पान प्रथमपासूनच मराठी गद्याला अनुकूल कसे करून घ्यावे, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

हा विषय ज्याच्या आधाराने मांडला आहे त्या संगणकावरील मजकूर-संपादकाचे नाव इमॅक्स. १९७६ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन, गाय स्टील प्रभृतींनी टेको नावाच्या तत्कालीन संपादकासाठी रचलेल्या आज्ञासमूहांतून तो जन्मास आला, आणि १९८५ साली स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाचा भाग म्हणून तो नव्याने लिहून सर्वांसाठी खुला केला. त्याची रचना वाचता येते, नक्कल करता येते, दुरुस्त करता येते आणि ती दुरुस्ती इतरांस देताही येते. त्याच्या परवान्यातच ही मुभा लेखी दिलेली आहे. सर्वसामान्य शब्दलेखन-प्रणालींमध्ये वापरणाऱ्याला जेवढ्या खिडक्या उघडून दिलेल्या असतात तेवढ्यांतूनच त्याला बाहेर पाहता येते. इमॅक्समध्ये मात्र ज्या भाषेत तो संपादक मुख्यतः लिहिला गेला त्याच लिस्प भाषेत वापरणाराही आपले हुकूम लिहू शकतो, आणि संपादक ते हुकूम आपल्या मूळ नियमांच्या बरोबरीने मान्य करतो.

ही मुखत्यारी केवळ पंडितांसाठी आहे, असा समज सहज होतो. म्हणून त्या काळातील एक प्रसंग येथे नमूद करणे अगत्याचे वाटते. १९७८ साली बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स या संगणक-प्रणालीसाठी लिस्प भाषेत इमॅक्सची एक आवृत्ती लिहिली. त्यांच्या कचेरीतील पत्रव्यवहार पाहणाऱ्या लेखनिक स्त्रिया ती वापरू लागल्या. त्यांच्या हाती जे माहितीपत्रक होते त्यात संपादक आपल्या सोयीप्रमाणे कसा वाढवावा हे सांगितलेले होते, पण या कामाला प्रोग्रॅमिंग म्हणतात असे कोठेही लिहिलेले नव्हते. त्यामुळे आपणांस हे येणारच नाही अशी जी धास्ती एरवी वाटली असती ती त्यांना वाटली नाही, आणि त्या आपापल्या कामाचे हुकूम स्वतः लिहू लागल्या. ही हकीकत स्टॉलमन यांनी पुढे आपल्या एका व्याख्यानात सांगितली आहे. बीड, गेवराई, केज, माजलगाव अशा गावी शिक्षक, कारकून, वकिलांचे मदतनीस, स्थानिक इतिहासाचे अभ्यासक आणि जिल्हा दैनिकांचे वार्ताहर जे लेखन नित्य करतात त्यांच्यासाठी ही पुस्तिका लिहिताना तीच धारणा मनाशी बाळगली आहे. ज्याला आपले काम नीट ठाऊक आहे त्याला आपल्या कामाचा नियमही लिहिता येतो.

आणि हा विषय बीड जिल्ह्यातून मांडण्यास विशेष कारण आहे. मराठीतील आद्य ग्रंथांत ज्याची गणना होते तो ‘विवेकसिंधु’ मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे इसवी सन ११८८ मध्ये रचला असे परंपरेने मानले जाते, आणि त्यांची समाधी अंबाजोगाईस आहे. त्याच अंबाजोगाईस सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि सतराव्याच्या आरंभी दासोपंतांनी जे अफाट लेखन केले त्यातील एक कृती तर लेखनसाधनाच्या दृष्टीने अपूर्व आहे. वेदान्तातील पंचीकरण हा विषय, त्यातील तत्त्वांची विभागणी आणि परस्परसंबंध एका दृष्टिक्षेपात यावेत म्हणून त्यांनी तो सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर, मजकूर आणि आकृती यांची सांगड घालून लिहिला. पासोडी या नावाने ती कृती प्रसिद्ध आहे. पोथीचे आडवे सुटे पान ही त्या काळची रूढ लेखनभूमी होती, आणि ओवीबद्ध ग्रंथासाठी त्यांनी तीच वापरली; पण विषयाची मांडणी पानात मावेना तेव्हा त्यांनी विषय न कापता लेखनभूमी बदलली. साधनाची रूढ अवस्था ही लेखकाच्या सोयीसाठी असते, आणि लेखनाचा प्रकार बदलला की ती बदलण्याचा हक्क लेखकाचाच असतो, याहून निराळे काही ही पुस्तिका सांगत नाही.

पुढील काळाचा इतिहास पाहिला तर या जिल्ह्याचे दप्तर एका लिपीत कधीच राहिले नाही. खाजगी व्यवहार, देवस्थानांचे हिशेब, पाटील-कुलकर्ण्यांचे कागद मोडीत. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार आधी फारसीत आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दूत. पोथ्या व शालेय ग्रंथ बाळबोधीत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला, तरी तहसील कचेऱ्यांच्या कपाटांतील जुन्या मिसली आपली लिपी बदलून आल्या नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या कामासाठी मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारांची किती निकड आहे हे सर्वांच्या प्रत्ययास आले. अशा कागदाचे लिप्यंतर करणाऱ्याच्या पडद्यावर तीन लिप्यांचा मजकूर शेजारी शेजारी उघडलेला असतो. आणि प्रत्येक वेळी लिपी, दिशा व कळरचना हाताने बदलावी लागली तर त्याचे अर्धे चित्त वाचनावरून उडून यंत्राच्या शुश्रूषेत गुंतते. योग्य पूर्वावस्थेचा लाभ कोणाला आणि किती, याचे उत्तर अशा माणसाच्या श्रमांत आहे.

आता मूळ यंत्रणेकडे वळू. इमॅक्समधील प्रत्येक उघडे पान कोणत्या ना कोणत्या मेजर मोडमध्ये असते. मोड म्हणजे त्या पानापुरती लागू असलेली नियमावली : कळा कोणते काम करतील, परिच्छेद कशाला म्हणावे, रंगसंगती कोणती, ओळ मोडावी की नाही. एका पानाला एका वेळी एकच मेजर मोड असू शकतो. मायनर मोड मात्र त्याच्या जोडीने कितीही चालू ठेवता येतात. नवे पान उघडले असता कोणता मेजर मोड लावावयाचा हे ठरविण्याची इमॅक्सची रीत पाहिली म्हणजे जुन्या तहसील कचेरीतील पेशकार डोळ्यांसमोर येतो. आलेला कागद हाती घेऊन पेशकार प्रथम त्याच्या माथ्यावर काही शेरा आहे काय हे पाही; त्याचप्रमाणे इमॅक्स प्रथम पानाच्या पहिल्या ओळीत, किंवा त्याच्या अखेरीस, मोडचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे काय ते तपासतो, आणि असल्यास पुढील चौकशी न करता तो शेरा मान्य करतो. शेरा नसेल तर हा मजकूर कोणत्या भाषांतरकाकडून चालवावयाचा याची खूण पहिल्या ओळीत आहे काय ते पाहतो. तीही नसेल तर मजकुराच्या आरंभीच्या अक्षरांवरून प्रकार ओळखतो. तेथेही निकाल न लागल्यास वेष्टनावरील नाव, म्हणजे फाइलच्या नावाचा शेवटचा भाग पाहतो. या सर्व पायऱ्या उतरूनही ओळख पटली नाही, म्हणजे मगच आगाऊ ठरविलेल्या मेजर मोडची पाळी येते.

हा आगाऊ ठरविलेला मोड मूळ इमॅक्समध्ये फंडामेंटल मोड या नावाचा आहे. त्याला कोणताही विशेष नियम नाही. मजकूर गद्य आहे की पद्य, याविषयी तो मुळीच काही गृहीत धरीत नाही. ज्या संपादकाला जगातील कोणत्याही प्रकारचा मजकूर हाताळावा लागतो त्याने अनोळखी पानाबाबत असे तटस्थ राहणे उचितच आहे. परंतु ज्या माणसाच्या शंभर पानांपैकी बहुतेक सर्व पाने अर्ज, वृत्तान्त, टिपणे आणि लेख अशी असतात त्याच्या बाबतीत ही तटस्थता निरुपयोगी ठरते. त्याने इमॅक्सला एवढेच सांगावयाचे असते की अनोळखी पान उघडले तर ते साधे गद्य समजावे, म्हणजे त्याला टेक्स्ट मोड लावावा. मांडणीच्या फाइलीत, जिला इनिट फाइल म्हणतात, एवढे सांगणारी एक ओळ लिहिली की काम होते. येथे एका सूक्ष्म भेदाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. मेजर मोड हे मूल्य प्रत्येक पानाचे स्वतंत्र असते. म्हणून नुसते मूल्य बदलण्याचा हुकूम दिला तर तो समोरच्या पानापुरताच लागू होतो, आणि सर्व नव्या पानांसाठी तो द्यावयाचा असेल तर त्या मूल्याचे डिफॉल्ट बदलण्याचा निराळा हुकूम द्यावा लागतो. नवशिक्यांच्या बहुतेक अडचणी हा भेद ध्यानात न आल्याने उद्भवतात, म्हणून पहिले प्रकरण सर्वस्वी त्याला दिले आहे.

इमॅक्स उघडताच समोर येणारे पान मात्र या नियमात बसत नाही. त्याला स्क्रॅच म्हणतात; ते लिस्प भाषेतील प्रयोगांसाठी राखलेले असून त्याचा मोडही त्या कामाचा असतो, आणि त्याच्या माथ्यावर इंग्रजीत सूचना छापलेली असते. प्रथमच इमॅक्स उघडणाऱ्या मराठी लेखकाला हे साधन आपल्यासाठी नाही असे जे वाटते त्याचे मोठे कारण हेच पान आहे. त्याचा आरंभीचा मोड आणि त्यावरील सूचना, ही दोन्ही मूल्ये स्वतंत्रपणे बदलता येतात. तेथे टेक्स्ट मोड नेमून सूचनेच्या जागी हवा तर मराठी मजकूर घालावा, किंवा ती जागा कोरी ठेवावी.

टेक्स्ट मोड नेमला की पुढचा प्रश्न लिपीचा. प्रत्येक मोडच्या आरंभी आपोआप पार पाडावयाच्या कामांची एक यादी असते, तिला हूक म्हणतात. टेक्स्ट मोडच्या हूकमध्ये देवनागरी लेखनपद्धती सुरू करण्याचा हुकूम नोंदविला की गद्याचे प्रत्येक पान देवनागरीतच उघडते. आणि ऑर्ग मोडसारखे जे मोड टेक्स्ट मोडपासून निघालेले आहेत त्यांनाही तो हुकूम लागू होतो, तर आज्ञावली लिहिण्याचे मोड निराळ्या शाखेचे असल्याने त्यांना तो लागत नाही. मुद्दाम रोमन अक्षरे हवी असतील तेव्हा कंट्रोलसह उलटी तिरपी रेघ दाबावी, पुन्हा दाबली की देवनागरी परत येते. इमॅक्सच्या स्वतःच्या लेखनपद्धतीचा आग्रह आम्ही का धरतो हेही येथेच सांगितले पाहिजे. संगणकाची सबंध कळरचनाच देवनागरी करून ठेवली तर कंट्रोलसह द्यावयाच्या आज्ञांतही देवनागरी अक्षरे शिरतात आणि इमॅक्सला त्या आज्ञा ओळखू येत नाहीत. इमॅक्सची अंगची लेखनपद्धती मात्र केवळ मजकुरापुरती लागू होते, आज्ञांना स्पर्श करीत नाही. मजकूर मराठी आणि आज्ञा जशाच्या तशा, अशी ही सोयीस्कर विभागणी आहे.

लेखनपद्धती निवडताना दोन मार्ग प्रामुख्याने समोर येतात. एक आयट्रान्स, जिच्यात उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरे दाबावयाची आणि पडद्यावर देवनागरी उमटावयाची. दुसरा इनस्क्रिप्ट, जिचा आराखडा भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रथम प्रमाणित केला. इनस्क्रिप्टमध्ये स्वर व मात्रा डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात. आपल्या जिल्ह्याचेच नाव लिहून पाहावे : इंग्रजी वायच्या कळीवर ब, आरच्या कळीवर दीर्घ वेलांटी आणि डाव्या चौकटी कंसाच्या कळीवर ड, तिन्ही कळा एकाच ओळीत, आणि मधली वेलांटी तेवढी डाव्या हाताची. ल आणि ळ एकाच कळीवर, र आणि ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ या शब्दांत लागणारा ऱ एकाच कळीवर. शिफ्ट दाबली की दुसरा. ज्यांचा हात मराठी टंकयंत्राच्या रेमिंग्टन रचनेवर बसलेला आहे त्यांना प्रारंभी अडखळल्यासारखे होते, कारण टंकयंत्रावर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी उमटवावी लागे आणि इनस्क्रिप्टमध्ये ती उच्चारक्रमाने व्यंजनानंतर येते. तालुक्याच्या गावी टंकलेखनाच्या वर्गांत बसून, मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा देऊन ज्यांनी ही विद्या कमावली त्यांच्या बोटांतील सवय ही खरीखुरी संपत्ती आहे आणि ती सोडून द्यावयास सांगताना संकोच वाटतो. तथापि इनस्क्रिप्टचा क्रम हाच युनिकोडमध्ये अक्षरे साठविण्याचा क्रम असल्याने पुढे शोध, वर्णक्रम आणि दुरुस्ती या तिन्ही कामांत त्या नव्या सवयीचा मोबदला पुरेपूर मिळतो.

युनिकोडचा उल्लेख आला त्यासरशी एक खुलासा. गेल्या पिढीतील मराठी मजकुराचा फार मोठा साठा श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटांच्या पद्धतीने लिहिलेला आहे. त्यात मराठी दिसते खरे, पण साठविलेली चिन्हे त्या त्या फाँटाच्या संकेताची असतात, आणि फाँट काढून घेतला की निरर्थक रोमन अक्षरे उरतात. असा मजकूर प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेतल्याशिवाय पुढील कोणतीही मांडणी त्याच्या कामी येणार नाही. इमॅक्सने २००९ च्या २३ व्या आवृत्तीपासून आपला अंतर्गत साठा युनिकोडवर आधारला आणि २०२० च्या २७ व्या आवृत्तीपासून अक्षरजुळणीसाठी हार्फबझ हे साधन स्वीकारले. त्यामुळे जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या पडद्यावर यथायोग्य दिसतात. खोडण्याच्या बाबतीतही लक्षात ठेवण्याजोगी एक गोष्ट आहे. ‘क्षि’ हे दिसावयास एक अक्षर असले तरी साठ्यात ती क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे आहेत. मागे खोडणारी कळ प्रथम फक्त वेलांटी काढते आणि ‘क्ष’ शिल्लक ठेवते, पुढचे खोडणारी कळ मात्र सबंध अक्षर उचलते. एकदा हे समजले की वेलांटीची चूक सुधारण्यासाठी सारा शब्द पुसण्याचे कारण उरत नाही.

गद्याची खरी परीक्षा मात्र वाक्यात आणि ओळीत होते, आणि पूर्वावस्थेचे परकेपण तेथेच सर्वांत अधिक जाणवते. मोडीत शब्द सुटे करण्याची चाल नव्हती आणि विरामचिन्हेही नव्हती. पानभर आडवी रेघ आधी ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जावे अशी ती रीत. मराठी गद्याला आजची विरामचिन्हे मुद्रणाच्या काळात, मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नाने लाभली, आणि पूर्णविरामानंतर एक जागा सोडून पुढचे वाक्य सुरू करावे हा परिपाठ पडला. इमॅक्स मात्र इंग्रजी टंकलेखनाच्या जुन्या रिवाजाप्रमाणे पूर्णविरामानंतर दोन जागा असल्या तरच वाक्य संपले असे मानतो. ‘जमाबंदी पूर्ण झाली. रयतेस कौल दिला. गावे पुन्हा वसली.’ अशी एकेक जागा सोडून लिहिलेली तीन वाक्ये घ्यावीत, पहिल्याच्या आरंभी उभे राहावे आणि वाक्य संपेपर्यंत खोडण्याची आज्ञा द्यावी : तिन्ही वाक्ये एकदम नाहीशी होतात, कारण इमॅक्सच्या लेखी तो सबंध परिच्छेद हेच एक वाक्य असते. दोन जागांची ही अट एका ओळीने रद्द करता येते. ज्यांना ओवीबद्ध जुने ग्रंथ उतरवून घ्यावयाचे आहेत त्यांनी दंड हेही वाक्यान्ताचे चिन्ह मानावे असा हुकूम त्याच जागी जोडावा.

ओळीचेही तसेच आहे. ऑटो फिल हा मायनर मोड चालू केला तर ठरीव रुंदी भरताच इमॅक्स ओळ प्रत्यक्ष तोडून खाली नेतो. ही रुंदी मुळात ७० स्तंभांची असते. सर्व अक्षरे समान रुंदीची असलेल्या रोमन मजकुराला हे माप बरोबर लागते. देवनागरीत ‘त्र्य’ आणि ‘इ’ यांची रुंदी सारखी नसते, मात्रा अक्षरांच्या डोक्यावर वा पायाशी बसतात, आणि स्तंभ मोजून तोडलेल्या ओळी दिसावयास लांबआखूड होतात. शिवाय अशा तुटलेल्या ओळी दैनिकाकडे किंवा कचेरीच्या अर्जात पाठविल्या असता तेथेही तुटलेल्याच राहतात. यास्तव मराठी गद्यासाठी व्हिज्युअल लाइन मोड हा पर्याय आम्ही सुचवितो. त्यात ओळ शब्द न तोडता पडद्यापुरती खाली वळते, साठ्यात मात्र परिच्छेद अखंड राहतो. टेक्स्ट मोडच्या हूकमध्ये लेखनपद्धतीशेजारीच याचीही नोंद करावी.

वर सांगितलेल्या तीन लिप्यांच्या दप्तरासाठी इमॅक्समध्ये एक निराळी सोय आहे : एखाद्या फोल्डरापुरतीच लागू होणारी नियमावली. त्या फोल्डरात ठरावीक नावाची एक लहानशी फाइल ठेवली की तेथील प्रत्येक पानाला तिच्यातील मोड व मूल्ये लागतात आणि बाहेरच्या पानांना त्यांची बाधा होत नाही. मोडी लिपी २०१४ साली युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत दाखल झाली, आणि २०२३ च्या इमॅक्स २९ मध्ये मोडीसाठी लेखनाची सोय आली. उजवीकडून डावीकडे जाणारा उर्दू मजकूर आणि डावीकडून उजवीकडे जाणारा मराठी मजकूर एकाच पानात नीट दाखविण्याची व्यवस्था २०१२ च्या २४ व्या आवृत्तीपासून आहे. तेव्हा मोडी नकलांचा एक फोल्डर, उर्दू नोंदींचा दुसरा आणि बाळबोध लिप्यंतराचा तिसरा, असे तीन विभाग करून प्रत्येकाची पूर्वावस्था वेगळी नेमता येते. लिप्यंतर करणाऱ्याने कोणते पान उघडले यावरून इमॅक्स आपण होऊन त्या त्या लिपीच्या तयारीत उभा राहतो. या जिल्ह्यातील जुन्या कागदांचे काम करणाऱ्यांना सर्वांत अधिक उपयोग या सोयीवरील पाचव्या प्रकरणाचा होईल अशी आमची खात्री आहे.

या ठिकाणी एक आक्षेप संभवतो, आणि तो विचार करण्यासारखा आहे. ज्याला लिहावयाचे आहे त्याने लिहावे. साधनाची मांडणी बदलण्यात वेळ दवडणे म्हणजे लेखन टाळण्याचाच एक प्रतिष्ठित प्रकार होय, असे पुष्कळ जाणत्यांचे म्हणणे असते. इमॅक्स वापरणाऱ्यांत मांडणीच्या छंदापायी मुख्य काम मागे पडल्याची उदाहरणे आहेत हे नाकारता येत नाही. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष मर्यादेचा आहे, त्यागाचा नाही. पूर्वावस्था न बदलता काम करणाराही रोज काही तरी खर्च करीतच असतो : प्रत्येक नव्या पानाला लिपी बदलण्याचा, चुकून गेलेला परिच्छेद परत आणण्याचा, तुटलेल्या ओळी सांधण्याचा. हा खर्च थोडाथोडा होत असल्याने नजरेस येत नाही इतकेच. आमचा नियम असा आहे की जे काम आपण बहुतेक वेळा करतो त्याच्यासाठी डिफॉल्ट बदलावे, क्वचित करावयाच्या कामासाठी फाइलीच्या नावावरून किंवा माथ्यावरील शेऱ्यावरून अपवाद नेमावा, आणि ज्या अडचणीचा अनुभव आला नाही तिच्यासाठी काहीही लिहू नये. या मर्यादेत राहिल्यास मांडणीची सबंध फाइल एका पानात मावते.

पुस्तिकेचा क्रमही त्याच धोरणाने लावला आहे. पहिल्या प्रकरणात मोडची निवड, दुसऱ्यात लेखनपद्धती, तिसऱ्यात वाक्य आणि ओळ, चौथ्यात फाँट आणि मराठी वळणाचे ल व श, पाचव्यात बहुलिपी दप्तर. प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे अमलात आणता यावे अशी दक्षता घेतली आहे. पहिले प्रकरण वाचून तेवढीच एक ओळ ज्याने आपल्या फाइलीत लिहिली त्यालाही फरक जाणवेल. वाचकाने हुकूम उतरवून घेताना प्रत्येकाशेजारी तो कशासाठी आहे हे मराठीत टीप म्हणून लिहावे, कारण वर्षभराने तीच फाइल उघडली असता हुकमापेक्षा त्यामागचे कारणच प्रथम विसरलेले असते.

शेवटी एक विनंती. इमॅक्समध्ये देवनागरी नावाची एकच भाषाव्यवस्था असून हिंदी आणि मराठी या दोहोंची सोय तिच्यातच केलेली आहे. मराठीच्या खास गरजा तिच्यात ज्या प्रमाणात उतरल्या त्या प्रमाणात कोणीतरी त्या लिहून कळविल्या होत्या, आणि मोडीची सोय आली तीही स्वयंसेवकाने परिश्रम करून ती लिहून दिली म्हणूनच. तेव्हा या पुस्तिकेतील मांडणी वापरताना जे जोडाक्षर नीट जुळले नाही, जो नियम मराठी वाक्याला लागू पडला नाही, त्याची टिपणी ठेवावी. आपली फाइल शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाला, कचेरीतल्या सहकाऱ्याला नकलून द्यावी. आणि जो दोष सर्वांनाच भोवतो त्याची दुरुस्ती इमॅक्सच्या मूळ कर्त्यांकडे रीतसर पाठवावी. ती स्वीकारली गेली की तो नियम एकट्या वाचकाच्या फाइलीतून उठून संपादकाच्या मूळ मांडणीत जाईल, आणि यानंतर इमॅक्स उघडणाऱ्या मराठी माणसाला तेवढ्यापुरता या पुस्तिकेचा आधार घ्यावा लागणार नाही.